गुन्हा कबूल, म्हणून अपील नाही?

ज्या आरोपीने न्यायासनासमोर ‘गुन्हा कबूल आहे’ असे म्हटले आणि त्या कबुलीवरच ज्याला दोषी ठरविण्यात आले, त्याला त्या दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नाही; शिक्षा किती झाली आणि ती कायद्यास धरून आहे की नाही, एवढाच प्रश्न तो वरिष्ठ न्यायालयापुढे नेऊ शकतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४१२ वे कलम हेच सांगत होते, १९७३ च्या संहितेतील ३७५ व्या कलमाने तेच सांगितले आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ४१६ वे कलमही तेच सांगते. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते गेले, राज्यघटना आली, संहिता दोनदा नव्याने लिहिली गेली, तरी या निर्बंधाचा पुनर्विचार करावा असे कोणास वाटले नाही, याचा मला मनापासून खेद होतो.

या निर्बंधामागे एक गृहीत आहे: जो स्वखुशीने अपराध मान्य करतो, त्याला गाऱ्हाणे असणार कसले? मार्च १९२२ मध्ये अहमदाबादेस न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर महात्मा गांधींनी राजद्रोहाचा आरोप मान्य केला, अधिकात अधिक शिक्षा मागितली आणि सहा वर्षांचा कारावास शांतपणे स्वीकारला, तेव्हा त्या कबुलीमागे कायदा जाणणाऱ्या बॅरिस्टरची बुद्धी आणि स्वतंत्र पुरुषाची इच्छा या दोहोंचे बळ होते. परंतु ज्याला जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही, ज्याचे वकीलपत्र अद्याप कोणी दाखल केलेले नाही, जो काही महिने कच्चा कैदी म्हणून काढून बसला आहे आणि ज्याला कोणीतरी कानात सांगते की कबूल केलेस तर भोगलेला काळ शिक्षेतून वजा होऊन आजच सुटशील, खटला लढवशील तर पुढची तारीख कधी पडेल याचा भरवसा नाही, त्याचा होकार आणि गांधीजींचा होकार कायद्याने एकाच मापाने मोजावे, हे न्यायाला शोभत नाही. असा मनुष्य त्या दिवशी घरी जातो खरा. पण पुढे नोकरीसाठी चारित्र्यपडताळणीचा कागद पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा आपण सुटलो नव्हतो, दोषी ठरलो होतो, हे त्याला प्रथमच उमगते.

आरोपीची कबुली शक्य तितकी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी आणि तिच्यावरून दोषी ठरवावे की नाही हे न्यायाधीशाने स्वविवेकाने ठरवावे, असे संहिता सांगते. प्रत्यक्षात मात्र छापील नमुन्यातील प्रश्नापुढे पुष्कळदा नुसते ‘होय’ उमटते, आणि पुढे अपिलाची वाटच नसल्याने ते ‘होय’ कोणत्या परिस्थितीत उच्चारले गेले, हे सहसा कोणी तपासत नाही.

न्यायालयांना कबुलीतील धोका ठाऊक नाही असेही नव्हे. जेथे देहान्त शासन संभवते तेथे केवळ आरोपीच्या कबुलीवर विसंबू नये, पुरावा घ्यावा, ही परिपाटी मुंबई उच्च न्यायालयाने १९०६ सालीच एका खुनाच्या खटल्यात सांगितली होती. जुलै २००९ मध्ये अजमल कसाबने मुंबईच्या विशेष न्यायालयात अकस्मात कबुली दिली, तेव्हा न्यायाधीश ताहिलियानी यांनी ती नोंदवून घेतली आणि खटला मात्र पुढे चालविला. पुढे तो त्या कबुलीपासून फिरला, तरीही दोषसिद्धीला धक्का लागला नाही, कारण ती साक्षीपुराव्यावर उभी होती. साऱ्या देशाचा रोष ज्याच्यावर होता त्यालाही ही सावधगिरी लाभली, याचा मला अभिमान वाटतो. मग किरकोळ चोरीच्या आरोपातील मजुराला ती का लाभू नये?

इंग्लंडमध्ये अशा कबुलीनंतरही अपिलाचा मार्ग, अरुंद का होईना, उघडा आहे, आणि तो किती मोलाचा आहे हे तेथील पोस्टाच्या प्रकरणात दिसून आले. ‘होरायझन’ या संगणकप्रणालीतील दोषांमुळे हिशेबात तूट दिसे. पोस्ट स्वतःच उपडाकपालांवर फिर्याद लावी. आणि चोरीचा आरोप मागे घेतला जाईल या आशेने अनेकांनी, एक पैसाही उचललेला नसताना, खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल केला. २३ एप्रिल २०२१ रोजी लंडनच्या अपील न्यायालयाने ३९ जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांपैकी बहुतेकांनी पूर्वी गुन्हा कबूल केलेला होता.

आपल्याकडे अशा माणसाने पुनरीक्षणाचा अर्ज करावा किंवा अनुच्छेद २२७ खाली उच्च न्यायालयात दाद मागावी, असे उत्तर मिळते. पुनरीक्षण हा हक्क नव्हे. तो न्यायालयाच्या मर्जीचा विषय आहे, आणि तालुक्याच्या गावातील मजुराने उच्च न्यायालय गाठावे असे म्हणणे म्हणजे त्याला दाद मागू नकोस असे सांगण्यासारखेच आहे. अपिलांचा पूर लोटेल ही भीतीही मला पटत नाही. कबुली अजाणता, दडपणाखाली किंवा वकिलाच्या साहाय्यावाचून दिली गेली, अथवा मान्य केलेल्या गोष्टींवरून तो गुन्हाच होत नाही, एवढ्याच कारणांपुरते सत्र न्यायालयात अपील असावे, इतकीच माझी मागणी आहे. शिक्षेच्या वाटाघाटीसंबंधी २००६ पासून जे प्रकरण अमलात आले, त्यात आरोपीला एकट्याला बंद दालनात बोलावून त्याने स्वेच्छेने अर्ज केला आहे की नाही याची खातरजमा न्यायाधीशाने करावयाची असते; तीच खातरजमा साध्या कबुलीलाही लागू करावी. फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीत असल्याने राष्ट्रपतींची संमती घेऊन महाराष्ट्र विधिमंडळ ४१६ व्या कलमात आपल्यापुरती दुरुस्ती करू शकते, आणि त्यासाठी संसदेची वाट पाहत बसण्याचे कारण नाही.