मालकाचा पैसा, प्रेक्षकांचा क्लब

लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर १८ मे २०२५ रोजी एव्हर्टन क्लबच्या पुरुष संघाने आपला अखेरचा सामना खेळला आणि साउदॅम्प्टनला दोन गोलांनी हरवून सुमारे एकशे तेहतीस वर्षांच्या मुक्कामाचा निरोप घेतला. तीन महिन्यांनी, २४ ऑगस्टला, हाच संघ मर्सी नदीकाठच्या ब्रॅम्ली-मूर गोदीत उभारलेल्या नव्या स्टेडियममध्ये लीगचा पहिला सामना खेळला. गुडिसन पार्कचे औपचारिक उद्घाटन १८९२ साली झाले तेही २४ ऑगस्टलाच. जुने घर सोडताना डोळे पुसणारे आणि नव्या घरात आनंदाने आरोळ्या ठोकणारे लोक एकच होते. परंतु या दोन प्रसंगांपूर्वीची जवळजवळ पंचवीस वर्षे हेच लोक आपल्या क्लबच्या मालकांशी आणि त्याहून अधिक आपसांत भांडत होते. मालकाने पैसा किती खर्च करावा, कशावर करावा, स्टेडियम कोठे बांधावे आणि हे ठरविण्याचा अधिकार मुळात कोणाचा, असा हा वाद होता. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

एव्हर्टनच्या बाबतीत विशेष गोष्ट अशी की, या क्लबचा इतिहासच मैदानाच्या मालकाशी झालेल्या भांडणातून घडला. १८७८ साली एका मेथॉडिस्ट चर्चच्या तरुणांनी काढलेला हा संघ १८८४ पासून अ‍ॅनफील्डवर खेळत असे. जॉन होल्डिंग हा दारूचा कारखानदार त्यांचा आश्रयदाता होता. संघाचे नाव झाले, गर्दी वाढली, तसे होल्डिंगने भाडे शंभर पौंडांवरून अडीचशेवर नेले. पुढे जमीन क्लबनेच विकत घ्यावी अशी योजना त्याने मांडली. सभासदांना हा व्यवहार मान्य झाला नाही. जॉर्ज महॉन या चर्चमधील ऑर्गनवादकाच्या पुढाकाराने ते स्टॅन्ली पार्क ओलांडून पलीकडे गेले आणि त्यांनी गुडिसन पार्क उभारले. होल्डिंगपाशी मैदान उरले, पण संघ उरला नाही. म्हणून त्याने नवा संघ काढला. तोच आजचा जगद्विख्यात लिव्हरपूल क्लब. सभासदांना मालकाचा हिशेब पटला नाही तर ते उठून जाऊ शकत होते, असा तो काळ होता. आजचा प्रेक्षक कोठे जाणार? वाणी तोलात मारतो असे वाटले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. एव्हर्टनचा पाठीराखा स्टॅन्ली पार्क ओलांडून लिव्हरपूलचा पाठीराखा होत नाही. आपले गिऱ्हाईक कधीच जाणार नाही याची खात्री असलेला धंदा जगात विरळा, आणि फुटबॉल क्लबांच्या मालकांचे सर्व सामर्थ्य या खात्रीत आहे.

१९९९ च्या अखेरीस नाट्यनिर्माते बिल केनराइट यांच्याकडे क्लबची सूत्रे आली. ते स्वतः लहानपणापासून एव्हर्टनचे भक्त होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेणारे थोडे. त्यांच्या खिशाविषयी शंका घेणारे पुष्कळ. किंग्ज डॉक येथे शहराच्या अगदी मध्यभागी, नदीकाठी स्टेडियम बांधण्याची संधी चालून आली होती. क्लबने आपल्या वाट्याचे तीन कोटी पौंड उभे करावयाचे होते. ते झाले नाहीत आणि २००३ साली योजना बारगळली. त्यानंतर टेस्को या दुकानदारी कंपनीच्या साह्याने शहराच्या हद्दीबाहेर, कर्कबी येथे जाण्याचा घाट घातला गेला. २००७ साली त्यावर पाठीराख्यांचे मत घेण्यात आले. सुमारे ५९ टक्के मते बाजूने पडली. परंतु उरलेल्यांनी हार मानली नाही. एव्हर्टन लिव्हरपूल शहराबाहेर गेला तर तो एव्हर्टन कसा राहील, हा त्यांचा सवाल होता. शेवटी २००९ च्या नोव्हेंबरात सरकारनेच परवानगी नाकारली. मत घेतले गेले तेव्हा समोर एकच पर्याय ठेवलेला होता, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते. उपाशी माणसाला ‘ही भाकरी हवी का’ असे विचारून घेतलेला कौल कितपत खरा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

फरहाद मोशिरी यांनी २०१६ च्या फेब्रुवारीत ४९.९ टक्के भाग विकत घेतले, तेव्हा या उपासमारीचा शेवट झाला असे सर्वांना वाटले. इराणी वंशाचे हे ब्रिटिश धनिक. उझबेकिस्तानात जन्मलेले रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्ह हे त्यांचे भागीदार, आणि उस्मानोव्हांच्या कंपन्या क्लबच्या पुरस्कर्त्या. पैशाचा पूर आला. खेळाडूंमागून खेळाडू विकत घेतले गेले. एकट्या गिल्फी सिगुर्डसनवर २०१७ साली सुमारे साडेचार कोटी पौंड खर्च झाले. कूमन, अ‍ॅलर्डाइस, सिल्व्हा, अँचेलोटी, बेनिटेझ, लँपार्ड असे सहा व्यवस्थापक सहा वर्षांत नेमले गेले. प्रत्येकाची खेळाची पद्धत वेगळी. एकाने आणलेले खेळाडू दुसऱ्याला नकोसे होत, आणि त्यांच्या लांबलचक करारांचा भार तिसऱ्याच्या डोक्यावर पडे. २०२०-२१ साली उत्पन्नाच्या दर शंभर पौंडांपैकी नव्वदहून अधिक पौंड नुसत्या पगारावर जात होते. जून २०२१ पर्यंतच्या तीन वर्षांत क्लबला ३७ कोटी पौंडांहून अधिक तोटा झाला. कोविडच्या साथीचा त्यात वाटा होताच. पण साथ सर्वच क्लबांना भोवली होती, आणि सर्वांची अशी दशा झाली नव्हती. पैसा नेहमी शहाणपणाने खर्च झाला नाही, हे मोशिरींनी २०२२ च्या जूनमध्ये पाठीराख्यांना लिहिलेल्या पत्रात मान्य केले. तोवर ते सामन्यांना येईनासे झाले होते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या मालकाचा हा नमुना होता. फरक इतकाच की, हा उंट सोन्याचा होता.

पाठीराख्यांवर येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. केनराइट खर्च करीत नाहीत म्हणून ज्यांनी ओरड केली, त्यांनीच मोशिरी खर्च करतात म्हणून ओरड करावी, ही विसंगती नव्हे काय? वरवर पाहता आहे. पण दोन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट होती. क्लबचा कारभार कोण, कोणत्या विचाराने चालवतो हे समजण्याचे त्यांना साधन नव्हते. पहिल्या काळात पैसा का नाही हे सांगितले जात नसे. दुसऱ्या काळात तो कोठे जातो हे सांगितले जात नसे. अर्थात, पाठीराख्यांकडे काहीच दोष जात नाही असे म्हणणे ही केवळ खुशामत होईल. २०१७ च्या उन्हाळ्यात नव्या खेळाडूंची रोज नवी नावे जाहीर होत होती, तेव्हा पगाराचे प्रमाण विचारणारे फार थोडे होते. हिशेबाची आठवण पराभवानंतर होते. हा दोष फुटबॉलपुरता मर्यादित नाही.

याच काळात स्टेडियमचे काम पुढे गेले, आणि या वादाला त्यामुळेच खरी गुंतागुंत आली. जेसी हार्टली या अभियंत्याने बांधलेली ब्रॅम्ली-मूर गोदी १८४८ साली सुरू झाली. ती भरून काढून तेथे ५२ हजारांहून अधिक प्रेक्षकांसाठी स्टेडियम बांधावयाचे, अशी योजना होती. २०२१ च्या आरंभी परवानगी मिळाली. त्याच वर्षीच्या जुलैत युनेस्कोने लिव्हरपूलचे नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले आणि त्याची जी कारणे दिली त्यांत या स्टेडियमचाही समावेश होता. उत्तर लिव्हरपूलमधील बहुसंख्य लोकांनी त्यावर अश्रू ढाळले नाहीत. पडीक गोदीपेक्षा रोजगार देणारे मैदान त्यांना मोलाचे वाटले आणि ते चुकले असे म्हणता येत नाही. मैदानाची गरज तर निर्विवाद होती. २०१८-१९ साली एव्हर्टनला सामन्यांच्या दिवशीचे उत्पन्न वर्षाकाठी दीड कोटी पौंडांच्या आसपास होते. आर्सेनलला ते नऊ कोटींच्या वर होते. गुडिसनवर खांबाआडून खेळ पाहावा लागे, यात जुन्या लोकांना मौज वाटे. खांबाआडच्या खुर्चीला कोणी धनिक पाहुणा चढे दाम देत नाही, हेही तितकेच खरे.

घर पाहावे बांधून असे आपल्याकडे म्हणतात. एव्हर्टनने घर बांधायला काढले आणि तिजोरीकडे पाहिले तेव्हा तिजोरीचा धनी संकटात होता. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर २०२२ च्या मार्चमध्ये उस्मानोव्ह यांच्यावर निर्बंध आले आणि त्यांच्या कंपन्यांशी असलेले करार क्लबला थांबवावे लागले. प्रारंभी पन्नास कोटी पौंड म्हणून सांगितला गेलेला बांधकामाचा खर्च पुढे ७५ कोटींच्याही वर गेला. कर्जे महाग होत गेली. इकडे संघ १९५४ पासून टिकवलेले पहिल्या श्रेणीतील स्थान गमावण्याच्या कड्यावर उभा. २०२२ साली क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोल मागे असताना तो वाचला, २०२३ साली मोसमाच्या शेवटच्या दिवशी एका गोलाने वाचला. ते गोल झाले नसते तर अर्धवट बांधलेल्या स्टेडियमचे काय झाले असते, याचा विचार आजही अंगावर काटा आणतो. २०२३ च्या जानेवारीत संचालकांविरुद्धचा रोष इतका वाढला की, सुरक्षेच्या कारणावरून त्यांनी आपल्याच मैदानावर सामन्यास यावयाचे टाळले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुणांची शिक्षा झाली. तीन वर्षांत १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंतचा तोटा प्रीमियर लीग चालवून घेते. ठरविलेल्या सवलती वजा जाता एव्हर्टनचा तोटा १ कोटी ९५ लाखांनी अधिक भरला. स्टेडियमसाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज या हिशेबात धरावे की नाही, हा त्या खटल्यातील एक कळीचा मुद्दा होता. अपिलात शिक्षा सहा गुणांवर आली, आणि दुसऱ्या प्रकरणात २०२४ च्या एप्रिलमध्ये आणखी दोन गुण गेले. येथे एक चमत्कार घडला. कालपर्यंत संचालकांना शिव्या देणारे पाठीराखे लीगला भ्रष्ट ठरविणारे फलक घेऊन मैदानात उभे राहिले. त्यांचा संताप समजण्याजोगा होता, कारण खर्च करणारा मालक जागच्या जागी राहिला होता आणि गुण गेले होते ते संघाचे. दंड भरणारा आणि गुन्हा करणारा यांची अशी फारकत असणारी न्यायपद्धती कायद्याच्या पुस्तकात बसली तरी माणसाच्या मनात बसत नाही. मात्र या संतापाच्या धुरळ्यात मूळ खर्चाचा प्रश्न काही महिने दिसेनासा झाला, आणि ते संचालकांच्या पथ्यावरच पडले.

पुण्याच्या वाचकांना हा प्रकार अगदीच परका वाटू नये. कुक्कुटपालनाच्या व्यवसायातील पुण्याच्या व्यंकीज उद्योगसमूहाने २०१० च्या नोव्हेंबरात ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब विकत घेतला. दोन वर्षांच्या आत तो प्रीमियर लीगमधून खाली गेला, २०१७ साली तिसऱ्या श्रेणीत गेला आणि वर्षभराने दुसऱ्या श्रेणीत परतला. निषेध म्हणून मैदानात कोंबडी सोडण्यापर्यंत तेथील मंडळींची मजल गेली होती. मालक दरवर्षी पदरचा पैसा घालून क्लब चालवीत आले, हेही नाकारता येत नाही. पैसा घातला म्हणून मालकाचे उपकार मानावेत, की अवनती झाली म्हणून त्याला दोष द्यावा? ब्लॅकबर्नमध्ये दोन्ही मते आजही तावातावाने मांडली जातात. जर्मनीत बहुतेक क्लबांचे मताधिक्य सभासदांच्या हाती ठेवणारा नियम आहे. तेथे २०२४ साली प्रेक्षकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकून लीगमध्ये बाहेरचे भांडवल आणण्याचा बेत हाणून पाडला. इंग्लंडमध्ये ते शक्य नाही, कारण तेथे विकावयाचे ते फार पूर्वीच विकले गेले आहे.

मोशिरींनी क्लब विकावयास काढला. एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीशी झालेला सौदा २०२४ च्या जूनमध्ये मोडला. अखेर १९ डिसेंबर २०२४ रोजी डॅन फ्रीडकिन यांच्या समूहाने मालकी घेतली. मोशिरींनी क्लबला दिलेली सुमारे ४५ कोटी पौंडांची कर्जे भागभांडवलात रूपांतरित झाली. म्हणजे त्या रकमेवर त्यांना पाणी सोडावे लागले. एव्हर्टनला दिवाळखोरीच्या दारात नेणारा आणि एव्हर्टनला एका शतकाचे घर बांधून देणारा माणूस एकच, हे सत्य पचवणे पाठीराख्यांना जड जाते. खेळाडूंवर उधळलेल्या पैशाचे आज काही शिल्लक नाही. गोदीतील इमारत मात्र उभी आहे, आणि २०२८ ची युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा तेथे होणार आहे.

गुडिसन पार्कही वाचले. ते पाडण्याचा बेत रद्द करून नव्या मालकांनी ते महिला संघाला दिले. भोवतालच्या गल्ल्यांतील खाणावळी आणि मद्यगृहे सामन्यांच्या दिवसांवर जगत होती. महिलांच्या सामन्यांची गर्दी त्यांचे कितपत पोषण करील हा प्रश्न आहे, पण दारे लागली नाहीत हे काय थोडे झाले! दरम्यान, जुलै २०२५ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. क्लबाला आपले मैदान विकावयाचे वा सोडावयाचे असेल तर यापुढे त्याची परवानगी लागेल, आणि पाठीराख्यांशी सल्लामसलत करणे क्लबांवर बंधनकारक होईल. कोणता खेळाडू किती पौंडांना घ्यावा यावर मात्र नियामकाला बोलता येणार नाही, प्रेक्षकांना तर नाहीच. नव्या स्टेडियमवर कर्ज आहे आणि त्याचे हप्ते ५२ हजार खुर्च्यांतून वसूल व्हावयाचे आहेत. एव्हर्टनच्या पाठीराख्यांचा पुढचा वाद त्या खुर्च्यांच्या दरावरून होईल.