मासा काय जेवला?

बुधवारी मेसमध्ये फिश करी असते. जिमवाली मंडळी 'प्रोटीन आहे यार' म्हणत दोन तुकडे जास्त घेतात. बरोबरच आहे त्यांचं. पण ताटातला तो रोहू काय खाऊन मोठा झाला, हे तुमच्यापैकी कुणी कधी विचारलंय?

आईसोबत मासळी बाजारात गेला असाल तर आठवा. ती कल्ले उचलून बघते, माशाच्या अंगावर बोट दाबून बघते. मासा ताजा आहे की नाही, हे त्यातून नक्की कळतं. पण आता रोहू, कटला, बासा बहुतेक तळ्यांत वाढवलेले असतात. त्यांना खायला काय द्यायचं हे माणूस ठरवतो आणि ते कल्ल्यांवरून कळत नाही.

ज्या ओमेगा-३ साठी आपण मासे खातो, ते मासा स्वतः फारसं तयार करत नाही. ते मुळात पाण्यातल्या सूक्ष्म शेवाळातून येतं. त्यामुळे नुसत्या कोंडा-पेंडीवर वाढवलेल्या माशातून प्रोटीन मिळेल, ओमेगा-३ मात्र कमीच. दुसरं टोक बघायचं तर आफ्रिकन मांगूर. त्याच्या पालनावर केंद्राने २००० सालीच बंदी घातली. तरीही भिवंडीपासून इंदापूरपर्यंत त्याची चोरटी तळी सापडत आली आहेत आणि त्यांत खाद्य म्हणून चक्क कत्तलखान्यातलं सडकं मांस टाकलं जातं!

तळ्यात गर्दी झाली की रोग येतो आणि रोग आला की अँटिबायोटिक्स. अशा वापरातून औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात, म्हणजे उद्या आपल्याच तापावर गोळी चालायची नाही. यावर उपाय आहे. नॉर्वेत १९८७ साली सॅमनपालनात सुमारे ५० टन अँटिबायोटिक्स वापरली गेली. मग माशांना लस टोचायला सुरुवात झाली. आज तिथलं उत्पादन कित्येक पटींनी वाढलंय आणि अँटिबायोटिक्स वर्षाला एक टनही लागत नाहीत.

आपल्या कोळंबीत बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर युरोप अख्खी खेप नाकारतो. मग आपण निदान विचारायला काय हरकत आहे? चांगलं खाद्य दिलं तर मासा थोडा महागेल, हे मान्य. पण नीट वाढवणारा शेतकरी आज त्याच भावात विकतो, कारण फरक कुणी विचारतच नाही.

तळ्यातला मासा सोडा, असं मी म्हणत नाही. हॉस्टेलच्या बजेटमध्ये बसणारं इतकं चांगलं खाणं दुसरं कुठलं? फक्त येत्या बुधवारी मेसवाल्या काकांना विचारा, मासा कुठल्या तळ्यातला आणि त्याला खाद्य काय घालतात? त्यांना माहीत नसेल. ते मासेवाल्याला विचारतील, तो व्यापाऱ्याला. एकट्याने विचारलंत तर हसण्यावारी नेतील, म्हणून अख्ख्या टेबलाने विचारा.