मशीन चाललं नाही, मग मार्क कशाचे?

टेबलावरचा दिवा लावायचाय. बटण दाबलं की काम झालं. पण नियम असा, की बटणाला हात लावायचा नाही. गोटी घरंगळत जाणार, ती डॉमिनोंची रांग पाडणार, शेवटचा डॉमिनो उंदराच्या सापळ्याला धक्का देणार, सापळा दोरी ओढणार, दोरी सुटली की वाळूची पिशवी खाली येणार आणि ती पिशवी बरोब्बर बटणावर पडणार. एका सेकंदाच्या कामासाठी महिनाभर खटपट! याला म्हणतात रूब गोल्डबर्ग मशीन. अमेरिकेतल्या अनेक हायस्कुलांमध्ये फिजिक्सच्या वर्गाला ग्रुप प्रोजेक्ट म्हणून हे बनवायला देतात.

हा रूब गोल्डबर्ग (१८८३-१९७०) खरा माणूस. बर्कलीहून १९०४ साली इंजिनिअर झाला, सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणी आणि ड्रेनेजच्या खात्यात नोकरीला लागला, काही महिन्यांतच कंटाळला आणि नोकरी सोडून वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढायला लागला. म्हणजे 'नोकरी सोडून काहीतरी वेगळं करायचंय यार' असं दर शुक्रवारी म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांचा आद्य पूर्वजच! साध्या कामासाठी अचाट यंत्रं, ही त्याची खासियत. त्याने ती फक्त कागदावर काढली. पोरांनी ती खरीखुरी बनवायला घेतली. पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या दोन संघटनांमध्ये १९४९ ते १९५५ अशी स्पर्धा चालायची, १९८३ मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि १९८८ पासून देशपातळीवर गेली.

प्रोजेक्ट म्हणून कल्पना झकासच आहे. माझी तक्रार आहे ती मार्कांबद्दल. बऱ्याच ठिकाणी मार्कांचा मोठा वाटा शेवटच्या दिवशी 'मशीन चाललं का' यावर असतो. दोन किंवा तीन संधी मिळतात. चाललं तर टाळ्या, नाही तर ठणठणपाळ. माझं स्पष्ट मत आहे की हे उलटं आहे.

थोडं गणित करू. समजा मशीनमध्ये १२ पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी दहापैकी नऊ वेळा नीट चालते. मुलांना वाटतं, वा, ९० टक्के! पण पूर्ण मशीन चालायला बाराही पायऱ्या एका दमात चालायला हव्यात. ०.९ ला बारा वेळा गुणा. उत्तर येतं ०.२८. म्हणजे चारपैकी जेमतेम एकदा. तीन संधी दिल्या तरी तिन्ही फसण्याची शक्यता ३७ टक्के. थोडक्यात, चांगलं काम केलेल्या पाच ग्रुपपैकी जवळपास दोन ग्रुप त्या दिवशी तोंडावर आपटणार. ही परीक्षा झाली की लॉटरी?

हीच प्रत्येक पायरी ९९ टक्क्यांवर नेली तर पूर्ण मशीन ८९ टक्के वेळा चालतं. ९० वरून ९९ वर जाणं, सगळं शिक्षण तिथेच आहे. आणि त्या शिक्षणाला मार्क नाहीत.

आता यातलं फिजिक्स बघा. 'चेन रिअॅक्शन' म्हटलं की वाटतं, पहिल्या धक्क्याची ऊर्जाच पुढे पुढे जाते. तसं होत नाही. घर्षणात, आवाजात ती वाटेतच संपते. चांगल्या मशीनमध्ये प्रत्येक पायरी स्वतःची ऊर्जा आधीच साठवून बसलेली असते: उंचावर ठेवलेलं वजन, ताणलेली स्प्रिंग, उभा केलेला डॉमिनो. आधीची पायरी फक्त खटका ओढते. लॉर्न व्हाइटहेड नावाच्या कॅनडातल्या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दाखवलं, की प्रत्येक डॉमिनो आधीच्यापेक्षा दीडपट मोठा असला तरी रांग पडत जाते. दीडपट, दीडपट करत तेरावा डॉमिनो पहिल्याच्या सुमारे १३० पट होतो. पहिला सेंटिमीटरभर धरला तर तेरावा सव्वा मीटरहून उंच! टिचकीची ऊर्जा त्याला पाडायला पुरेल का? अजिबात नाही. त्याची ऊर्जा त्याला उभं करणाऱ्याने आधीच भरून ठेवलेली असते. आपल्या भाषेत सांगायचं तर पुढे जातो तो इव्हेंट; काम करायला लागणारी ऊर्जा ज्याची त्याची.

आणि मशीन फसतं ते नेहमी दोन पायऱ्यांच्या सांध्यात. माझ्या एका मित्राची मुलगी न्यू जर्सीत अकरावीत होती तेव्हाची गोष्ट. चार जणांचा ग्रुप, प्रत्येकाने तीन पायऱ्या वाटून घेतल्या आणि आपापल्या घरी बनवल्या. दोन दिवस आधी सगळं एकत्र जोडलं, तर काहीच चालेना. चौघांचं एकच पालुपद, "माझ्याकडे तर चालत होतं!" (ओळखीचं वाटतंय ना?)

एका मुलाच्या उतारावरून गोटी ३० सेंटिमीटर खाली येऊन टेबलाच्या कडेवरून आडवी सुटायची आणि या मुलीने जमिनीवर ठेवलेल्या नरसाळ्यात पडायला हवी होती. पुस्तकातल्या सूत्राने वेग येतो सेकंदाला २.४ मीटर. टेबल ७५ सेंटिमीटर उंच, म्हणजे गोटी कडेपासून ९५ सेंटिमीटरवर पडायला हवी. पडत होती ८० च्याही अलीकडे. एक संध्याकाळ घालवून त्या मुलीने कारण शोधलं. ते सूत्र घसरणाऱ्या वस्तूचं आहे, गोटी गडगडते. तिच्या ऊर्जेचा दोन सप्तमांश भाग स्वतःभोवती फिरण्यात जातो, त्यामुळे वेग येतो साधारण २.०५. तेवढ्यानेच गोटी पंधरा सेंटिमीटर अलीकडे पडते, वरचं थोडं घर्षणाचं.

आता सांगा, फिजिक्स शिकली की नाही पोरगी? पण त्या दिवशी मशीन तिसऱ्या संधीलाही नवव्या पायरीवर दोरी सटकून थांबलं. शेजारच्या ग्रुपचं मशीन पहिल्या झटक्यात चाललं, ते एका वडिलांनी गॅरेजमध्ये बसून बनवलं होतं हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मार्क त्यांना जास्त. पुढच्या वर्षी त्या मुलीने फिजिक्स घेतलंच नाही. एवढंच कारण असेल असं नाही, पण हेही होतंच.

मग करायचं काय? मला सुचतं ते असं. शेवटच्या रनला शंभरातले वीस मार्क ठेवा. चाळीस मार्क वहीला: प्रत्येक सांध्याच्या निदान वीस चाचण्या, कितीदा फसलं, का फसलं, काय बदललं. गोटीची जागा खडूने आखून घेतली, नरसाळं रुंद केलं, सापळ्याचा खटका हलका केला, सगळं तारखेसकट. आणि उरलेले चाळीस तोंडी परीक्षेला, पण स्वतःच्या पायऱ्यांवर नाही. प्रत्येकाला शेजाऱ्याची पायरी समजावून सांगायला लावायची. ग्रुपच्या नावावर एकट्याने राबायचं आणि बाकीच्यांनी पोस्टर रंगवायचं, हा प्रकार तिथेच उघडा पडेल. गॅरेजवाले बाबाही तिथे कामाला येणार नाहीत. (आपल्याकडच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये चार नावं आणि दोन हात किती वेळा पाहिलेत, आठवून बघा.)

यावर कोणी म्हणेल, बाहेरच्या जगात कोण वही बघतो? क्लायंटला चालणारी गोष्ट हवी असते. मान्य. म्हणूनच तर वीस मार्क ठेवलेत, शून्य नाही. पण क्लायंटसमोर जे चालतं ते आधी शेकडो वेळा फसलेलं असतं, आणि ते फसणं कोणीतरी नीट लिहून ठेवलेलं असतं. होंडाची २००३ ची ती दोन मिनिटांची जाहिरात आठवते? गाडीचे सुटे भाग एकमेकांना ढकलत जातात ती? आपल्याला दिसते फक्त जमलेली टेक. ती बनवणाऱ्यांकडे महिन्यांची तयारी होती, आणि तरीही अख्खी साखळी दोन तुकड्यांत चित्रित करून जोडावी लागली. सोळा वर्षांच्या पोरांकडे दोन वीकएंड आणि चिकटपट्टी असते.

रोजच्या कामात आपण टेस्टिंग, रिव्ह्यू, इंटिग्रेशन यावर तासनतास मीटिंगा घेतो, कारण गोष्टी सांध्यात मोडतात हे आपल्याला पगार घेऊन शिकावं लागलं. हेच सोळाव्या वर्षी, एक गोटी आणि एका नरसाळ्याच्या खर्चात शिकता येतं. फक्त ते शिकल्याचे मार्क द्यायला हवेत. तुमच्या ओळखीत कोणी फिजिक्स शिकवत असेल तर त्यांच्या कानावर घाला. बघा पटतंय का.