आभाळ काय फक्त पुण्या-मुंबईवाल्यांचं आहे का?

पोरानं पतंग उडवला तर कौतुक. लग्नात नोटा उडवल्या तर प्रतिष्ठा. आणि बदनापूरच्या माणसानं स्वतःच उडायचं ठरवलं तर "माज आलाय"!

कामशेतला पॅराग्लायडिंग केल्याचे फोटो टाकले तेव्हापासून हेच ऐकतोय. "तूर काढायला आली अन् हे हवेत." "पैसा जास्त झाला का?" "हे आपलं काम नाही भाऊ." म्हटलं, आता एकदा सविस्तरच लिहू.

कामशेत म्हणजे मावळातलं गाव, पुणे-लोणावळा लोकल तिथं थांबते. पावसाळा सोडला तर ऑक्टोबर ते मे तिथल्या डोंगरांवरून लोक उडतात. हँग ग्लायडिंग थोडं वेगळं, त्याला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो आणि माणूस पोटावर आडवा लटकतो. पॅराग्लायडर म्हणजे घडी घालून पाठीवर नेता येणारं कापडी पंख. पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मागं शिकलेला पायलट असतो. उतारावर दहा-पंधरा पावलं पळायचं, की पायाखालची जमीन सुटते. इंजिन नाही, आवाज नाही. दुपार कलली होती, ऊन मऊ झालं होतं, खाली शेतं दिसत होती. मजा आली. खोटं कशाला बोलू? दुसरा कुठलाच फायदा झाला नाही, नुसती मजा आली.

लोकांना खुपतं ते हेच. पोरगं पोलीस भरतीसाठी पळालं तर चालतं, पण मजेसाठी पळालं तर रिकामटेकडं! आपल्या भागात प्रत्येक गोष्टीला "यातून मिळणार काय?" हा प्रश्न चिकटलेला. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेली माणसं आपण. आभाळाकडं बघायचं ते पाऊस कधी येतो यासाठीच, ही सवय पोटानं लावली. त्या सवयीला मी हसणार नाही. पण परिस्थितीनं लावलेली सवय म्हणजे काही संस्कार नव्हे, ती लेकरांच्या गळ्यात कशाला बांधायची?

आता पैशाचं बोलू. अशा एका उड्डाणाला काही हजार रुपये लागतात. कमी नाहीत, मान्य. पण डीजेवर एका रात्रीत जेवढे उडतात, त्याच्यापुढं काहीच नाहीत. तिथं कुणी हिशोब विचारत नाही.

"जिवाशी खेळ आहे" हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. जर्मनीच्या ओटो लिलिएनथालनं असल्याच पंखांवर जवळपास दोन हजार उड्डाणं केली आणि १८९६ मध्ये पडून जीव गमावला. पण त्याच्याच अभ्यासातून राईट बंधूंनी प्रेरणा घेतली आणि १९०३ मध्ये विमान उडालं. धोका आहे, म्हणूनच तर नियम पाहिजेत. राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ चं आहे, त्यात असे उपक्रम चालवणाऱ्यांनी नोंदणी करायची आहे. तेव्हा कुठंही जा, आधी नोंदणी विचारा, पायलटचं प्रशिक्षण विचारा. "आज वारा बरा नाही, उडायचं नाही" असं जो तोंडावर सांगतो, तो माणूस खरा. हेल्मेटशिवाय उडवणाऱ्याला लांबूनच रामराम.

आणि हे शास्त्र आपल्याला परकं नाही बरं का. एप्रिलात नांगरलेल्या काळ्या रानावर घार पंख न हलवता गोल गोल वर जाते, बघितलीय ना? काळी माती तापते, गरम हवा वर चढते, घार तिच्यावर स्वार होते. पॅराग्लायडर हेच करतो. भर दुपारी ही हवा फार उसळते, म्हणून नवख्याला सकाळ नाहीतर कलती दुपार बरी. हे आपल्या शेतकऱ्याला अर्ध्या मिनिटात समजतं. मग "आपलं काम नाही" कसं?

उद्याच सोमठाण्याच्या डोंगरावर कंपनी आणा असं मी म्हणत नाही. प्रत्येक डोंगर उडायला चालत नाही. वाऱ्याकडं तोंड असलेला मोकळा उतार लागतो, खाली उतरायला विजेच्या तारा नसलेलं मैदान लागतं. सोमठाण्यावर तर रेणुकामाता आहे, तिथला मान राखूनच काय ते. पण जाणकार माणसं बोलावून जिल्ह्यातले आणि शेजारचे डोंगर एकदा तपासायला काय हरकत आहे? नाही जमत असं निघालं तर नाही. विचारलंच नाही, हे मात्र चालणार नाही. आणि तोवर निदान तालुक्यातल्या पोरांना हायवेच्या कडेनं जीव मुठीत धरून पळावं लागू नये, एवढं धड मैदान तरी द्या.

समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला, मुंबईची गाडी जोरात जाते. समृद्धी फक्त खिडकीतून बघायची नसते. गरिबाच्या लेकरालाही वर्षातून एक दुपार निव्वळ आनंदाची मिळाली पाहिजे, मग ती हवेत असो की मैदानात.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये खुशाल भांडा. फक्त घरातल्या लेकरासमोर "हे आपलं काम नाही" एवढं म्हणू नका.