पोटॅशियम अजून पुरेसं वाढलेलं नाही

प्रति,
आयुक्त,
टेक्सास आरोग्य व मानवी सेवा आयोग, ऑस्टिन



मूळ पत्र इंग्रजीत टपालानं आपल्याकडे निघालं आहे. ही मराठी प्रत माझ्या इथल्या माणसांसाठी. ‘कागद नसलेल्यांचं आपल्याला काय?’ हे मराठी मंडळाच्या गणपतीत मी हल्ली फार ऐकते.

मी डायलिसिसची नर्स. आमच्या इमर्जन्सीत होंडुरासचा, कागद नसलेला एक मजूर येतो, घरांच्या छपरांवर काम करणारा. पाय सुजलेले, धाप लागलेली. आधी त्याचं रक्त तपासतात. पोटॅशियम पुरेसं वाढलेलं नसलं की परत पाठवतात, दोन दिवसांनी ये म्हणून. आता पोटॅशियम वाढावं म्हणून तो घरून संत्र्याचा रस पिऊन निघतो. ज्यानं हृदय बंद पडेल, तेच पिऊन त्याला आत यायला मिळतं. हे त्यानं मला हसत हसत सांगितलं.

इतरांना आठवड्यातून ३ दिवस, ठरलेल्या वेळी मशीन मिळतं. १९७२च्या कायद्यानं किडनी निकामी झालेल्या बहुतेकांना मेडिकेअर या केंद्र सरकारच्या विम्याखाली घेतलं. या मजुराच्या वाट्याला फक्त इमर्जन्सी मेडिकेड, म्हणजे तातडीच्या उपचारांपुरता सरकारी खर्च, आणि ‘इमर्जन्सी’ कशाला म्हणायचं ते बरंचसं राज्यानं ठरवायचं. कोलोरॅडोनं २०१९ साली किडनी निकामी होणं हीच इमर्जन्सी मानली. त्यासाठी वॉशिंग्टनला नवा कायदा करावा लागला नाही. आपल्याकडे मात्र माणूस बुडायला लागल्याशिवाय दोर टाकायचा नाही, असा नियम!

दया करा असं मी म्हणत नाही, हिशेब बघा. तोही आपल्याच डॅलसचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. कागद नसलेल्या १८१ रुग्णांपैकी काहींना खासगी विमा मिळून नियमित डायलिसिस सुरू झालं, बाकीचे इमर्जन्सीवरच राहिले. वर्षभरात इमर्जन्सीवरचे १७ टक्के गेले, नियमितवाल्यांतले ३ टक्के. शिवाय नियमित डायलिसिसमुळे माणशी दरमहा ५,७०० डॉलरहून जास्त वाचले. म्हणजे जादा पैसे मोजून आपण माणसं मरू देतो आहोत.

प्रत्यारोपणाचं दार याहून घट्ट. इमर्जन्सी मेडिकेडच्या केंद्रीय कायद्यातच अवयव प्रत्यारोपण वगळलेलं आहे. तरी इलिनॉयनं २०१४ साली कायदा करून कागद नसलेल्यांच्या किडनी प्रत्यारोपणाचा खर्च राज्याच्या तिजोरीतून उचलायचं ठरवलं. उलट, अपघातात गेलेल्या अशाच एखाद्या मजुराच्या घरचे किडनी द्यायला तयार झाले, तर ती घेताना त्याचे कागद कोणी मागत नाही. ती कोणाही अमेरिकन माणसाला बसते.

आमच्या या रुग्णाचा धाकटा भाऊ डॅलसला असतो. आपली एक किडनी द्यायला तो तयार आहे. तपासण्यांचे आणि ऑपरेशनचे पैसे कुठे भरायचे, एवढंच तो दर वेळी मला फोनवर विचारतो. त्याला काय सांगू, ते कळवावं.

आपली,
टेक्सासमधली एक डायलिसिस नर्स