हाक ऐकू आली नाही तर?

बुडणाऱ्याची हाक कानी आली तर नमाज तोडूनही धावावे, असे फिकहच्या किताबांत आहे. पण हाकच ऐकू आली नाही तर?

फ्लोरिडातील बिग सायप्रस ही १९७४ पासून राखीव असलेली, जवळपास ३,००० चौरस किलोमीटरची दलदल. पाण्याखाली पायवाट दिसत नाही, पाऊलखुणा उरत नाहीत. हेलिकॉप्टर येते, पण दाट झाडीखालचा माणूस वरून सहज सापडत नाही. म्हणून वाट चुकलेल्याने भटकत राहू नये. कोरडा उंचवटा गाठून थांबावे, तीन-तीन शिट्ट्या वाजवाव्यात.

मोबाइलला रेंज नसेल तर शोध सुरू होतो तो बहुधा घरच्यांमुळे. आपली मुले सह्याद्रीत ट्रेकला निघतात, तेव्हा नुसते ‘खुदा हाफिज’ पुरेसे नाही. वाट आणि परतीची वेळ लिहून घ्या. वेळ टळली आणि फोन लागत नसेल, तर ११२ लावा.