पावसात कुणी हात दाखवला तर

मंगळवारी मी खेडला आईकडे असते, हे या सदराच्या वाचकांना आता पाठ झालं असेल. या मंगळवारी संध्याकाळी महाडला परत यायला निघाले तेव्हा खेडच्या बाजूला नुसती भुरभुर होती. कशेडीच्या बोगद्यात शिरल्यावर वायपर बंद केला. जेमतेम दोन किलोमीटरचा कोरडा रस्ता, वर दिव्यांची रांग, आणि सगळ्यांचेच पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. बोगदा संपला आणि भोगावच्या बाजूला पाऊस असा कोसळत होता की माझ्याच गाडीच्या बॉनेटचं टोक मला दिसेना.

पुढच्या दहा सेकंदांत माझ्या आजूबाजूला जे झालं, ते लिहिल्याशिवाय या आठवड्यात मला दुसरं काही सुचणार नाही. पुढच्या पांढऱ्या गाडीने बोगद्याच्या तोंडाशीच, भर लेनमध्ये, कचकन ब्रेक मारला. उजवीकडच्या गाडीने चारही इंडिकेटर लावले आणि वेग तसाच ठेवून ती पुढे गेली. दोन मोटरसायकलवाले बोगद्याच्या आत, जिथे मागून गाड्या सुसाट येतात तिथेच थांबून रेनकोट चढवत होते. त्यांतल्या एकाचा एक हात बाहीत अडकला होता आणि तो पाठमोरा उभा होता. मागून टँकर येतो आहे, याची त्याला कल्पनाही नव्हती. टँकरवाला शहाणा निघाला. त्याने आधीच वेग उतरवला होता, हेडलाईट लावले होते, आणि डाव्या कडेने तो सावकाश बाहेर पडला. त्याच्या मागच्या लाल दिव्यांवर नजर ठेवून मी पोलादपूरपर्यंत आले. त्या ड्रायव्हरचा चेहरा तेव्हा मला दिसला नव्हता, पण त्याचे आभार मानते.

आता ते चार इंडिकेटर. ज्यांना आपल्याकडे सगळे पार्किंग लाईट म्हणतात, ते दिवे उभ्या गाडीसाठी आहेत. गाडी बंद पडली, टायर फुटला, रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं, की ते लावायचे. म्हणजे मागून येणाऱ्याला कळतं की ही गाडी हलत नाही. ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीने ते लावले, की मागच्याने काय समजायचं? ही गाडी उभी आहे की चालते आहे? आणि त्याच गाडीला डावीकडे वळायचं असलं तर ती कशी सांगणार? चारही दिवे आधीच उघडझाप करताहेत. मंगळवारी त्या गाडीने लेन बदलली तेव्हा शेजारच्या रिक्षा टेम्पोला कसलीच खूण मिळाली नाही. टेम्पो कडेच्या मातीत उतरला म्हणून निभावलं. पावसात स्वतःला दाखवायचं असेल तर हेडलाईट लो बीमवर लावावेत. त्यांच्याबरोबर मागचे लाल दिवेही लागतात, आणि ते स्थिर असतात. मागच्या माणसाला तेवढं पुरतं.

हिशेब सोपा आहे. ऐंशीच्या वेगाने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. समोरचं वीस मीटरसुद्धा दिसत नसेल, तर तो ड्रायव्हर एका सेकंदापुढचा रस्ता न बघताच गाडी चालवतो आहे. त्यात ओल्या रस्त्यावर ब्रेक लागायला कोरड्याच्या जवळपास दुप्पट अंतर लागतं. रस्त्यावर पाण्याचा थर साचला असेल आणि टायर झिजलेला असेल, तर टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतो. मग स्टिअरिंगही ऐकत नाही आणि ब्रेकही. टायरच्या खाचेत आडवी, उंचवट्यासारखी एक बारीक रबराची पट्टी असते. नक्षी झिजून त्या पट्टीला टेकली, की खाच 1.6 मिलिमीटरच उरली असं समजायचं. मृग लागायच्या आधी खाली वाकून एवढं बघायला पैसे पडत नाहीत.

काचेवर आतून वाफ धरते, हा दुसरा छळ. पोलादपूरच्या अलीकडे एक गाडी मला ओलांडून गेली. तिच्या ड्रायव्हरने डाव्या हातात फडकं घेतलं होतं, तो काच पुसत होता आणि उजव्या हाताने चालवत होता. एसी लावून हवा काचेकडे वळवली की अर्ध्या मिनिटात काच साफ होते. एसी नसेल तर खिडकी दोन बोटं उघडी ठेवायची. बाही भिजते, पण रस्ता दिसतो. हे मी आमच्या आळीतल्या नानांकडून शिकले. नानांबद्दल मी मागे एकदा ओझरतं लिहिलं होतं, आज थोडं सविस्तर लिहिते.

नानांची सगळी नोकरी एसटीच्या स्टिअरिंगवर गेली. बरीच वर्षं ते पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला गाडी नेत. तेव्हाच्या गाड्यांचा वायपर कधी बंद पडेल याचा नेम नसे. घाटात तो बंद पडला, की नाना गाडी डोंगराच्या बाजूला घेत, खिशातली तंबाखूची पुडी काढत, चिमूटभर तंबाखू तळहातावर ओली करत आणि बाहेरून काचेवर चोळत. तंबाखू काचेवर फिरवली की पाण्याचे थेंब साठत नाहीत, पाणी पातळ पापुद्र्यासारखं घसरून जातं आणि पलीकडचं दिसतं. परवा त्यांनी मला ते करून दाखवलं. आमच्या पडवीत माझ्या गाडीच्या काचेचा अर्धा भाग त्यांनी चोळला आणि वरून तांब्याने पाणी ओतलं. चोळलेल्या भागातून समोरचा फणस स्वच्छ दिसत होता, उरलेल्या भागातून नुसता हिरवा डाग. दाखवताना नानांची बोटं काचेवर गोल फिरत नव्हती, वरून खाली जात होती. मी विचारलं तर म्हणाले, “पाणी खालीच जाणार ना बाय, मग हातही खालीच न्यायचा.”

पण तंबाखूपेक्षा नानांचा दुसरा धडा मोठा. त्यांच्या काळात पोलादपूरच्या स्टँडवर महाबळेश्वरहून गाडी आली, की खालचे सगळे ड्रायव्हर वरच्या ड्रायव्हरला आधी एकच विचारत : “वरती किती आहे?” चहा नंतर. कारण सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगर उतरून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाते. वर धो धो पडला की इथे ऊन असलं तरी काही तासांनी नदी चढते. त्यात खाडीला भरती असली तर पाण्याला पुढे जायला वाट नसते, ते महाडातच तुंबतं. नाना म्हणतात, ड्रायव्हर काचेवरचा पाऊस बघतो, पण घात करतो तो डोंगरावरचा पाऊस. 22 जुलै 2021 ला महाबळेश्वरात एका दिवसात सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. त्याच वेळी महाडच्या बाजारपेठेतले तळमजले पाण्याखाली गेले, तळियेत डोंगर वाडीवर आला, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीत दरडी कोसळल्या, आणि नानांचा आंबेनळी घाट जागोजाग तुटला. तो दिवस इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मी जास्त लिहीत नाही.

नदीचं पाणी चढतंय की उतरतंय हे नाना पाण्याकडे बघून सांगतात. पाणी तांबडं होऊन त्यावर काड्या, पाचोळा, फेस वाहत आला, की ते चढतंय. काठावरचा एक दगड नजरेत धरायचा आणि पाच मिनिटं थांबायचं. दगड बुडाला तर गाडी वळवायची. आमच्याकडे मोऱ्यांवर आणि लहान पुलांवर ‘पुलावरून पाणी वाहत असताना पूल ओलांडू नये’ अशी पाटी असते. नाना त्या पाटीला देवाच्या शब्दाइतकं मानत. पॅसेंजर ओरडत, घड्याळ दाखवत, कुणी शिव्या घाली. नाना गाडी पुलाच्या अलीकडे लावत आणि इंजिन बंद करत. वाहत्या पाण्याचा जोर गुडघ्याएवढ्या पाण्यातही गाडीला आडवं ढकलतो, आणि खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही हे वरून कळत नाही. एवढं सांगून झाल्यावर पॅसेंजरांशी ते वाद घालत नसत.

खालचा रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वाक्य महाडमध्ये कुणी सहज बोलत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री राजेवाडीजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल पुरात गेला. 1928 सालचा, इंग्रजांच्या काळातला पूल. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी आणि एक तवेरा नदीत गेल्या. चाळीसच्या आसपास माणसं गेली, काहींचे देहही मिळाले नाहीत. त्या रात्री त्या ड्रायव्हरांचा काही दोष नव्हता. अंधार, पाऊस, आणि रोजचा पूल. पुलावरून पाणी वाहत असतं तर ते थांबले असते. पूलच नव्हता, आणि तो नाही हे अंधारात दिसणं शक्य नव्हतं. नवा पूल 165 दिवसांत बांधला, 5 जून 2017 ला तो सुरू झाला. त्याच्यावरून जाताना मी अजूनही रेडिओ बंद करते.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र इथे फार कमी वेळा बोलली जाते. पुलाजवळ गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाच्या लक्षात आलं, की पुलाकडे गेलेल्या गाडीचे मागचे लाल दिवे एकाएकी दिसेनासे झाले. तो तसाच भर पावसात रस्त्यावर आला आणि येणाऱ्या गाड्यांना हात करून त्यांना थांबवू लागला. पोलीस पोचेपर्यंत हे काम माणसाच्या उघड्या हाताने झालं. त्या रात्री जे थांबले, त्यांना आपण का थांबलो हे दुसऱ्या दिवशी कळलं.

म्हणून मंगळवारचं उरलेलं सांगते. बोगद्यातून बाहेर पडून पोलादपूरकडे येताना रस्त्याच्या कडेला एक पोरगा उभा होता. पंधरा-सोळा वर्षांचा असेल. डोक्यावर प्लॅस्टिकची गोणी खोळीसारखी घेतलेली, पायात काही नाही. तो दोन्ही हात वर करून हलवत होता. माझ्यापुढच्या तीन गाड्यांनी हॉर्न दिला आणि त्याला वळसा घालून त्या निघून गेल्या. एकाने तर पाणी त्याच्या अंगावर उडवलं. टँकर थांबला, म्हणून मीही थांबले. खिडकी खाली केली. तो म्हणाला, “ताई, पुढं माती आलीय, डावीकडनं नका जाऊ.” वळणाच्या पुढे वरच्या बाजूची माती रस्त्यावर उतरली होती, तिच्यात हाताएवढे दगड होते आणि एक छोटं झाड मुळासकट आडवं. पुढे गेलेल्या तीन गाड्यांपैकी एक त्याच चिखलात डाव्या चाकाने रुतून तिरकी उभी होती. माणसं ठीक होती. टँकरवाला आणि तो पोरगा मिळून ती गाडी ढकलू लागले, आणि मी मागे जाऊन लोकांना हात करत राहिले. माझ्यासाठीही पाच-सहा गाड्या थांबल्या नाहीत.

मला राग आला तो इथे. इंडिकेटरची चूक अज्ञानाने होते, ती सांगून सुधारते. पावसात भिजत उभा असलेला माणूस हात करतो आहे हे दिसत असून न थांबणं मात्र अज्ञान नाही. हा भिकारी असेल, लिफ्ट मागत असेल, वर्गणी मागत असेल, असं आपण गाडीत बसून ठरवतो. घाटाखालच्या गावांतली माणसं पावसात रस्त्यावर येतात ती बहुतेक वेळा पुढे काहीतरी झालेलं असतं म्हणून. ती तिथेच राहतात. डोंगराची माती कधी सुटते, कुठला ओहोळ रस्त्यावर येतो, हे त्यांना आपल्या मोबाईलच्या नकाशाच्या आधी कळतं.

गणपतीला मुंबईहून हजारो गाड्या याच रस्त्याने उतरतील. त्यांतले कितीतरी जण वर्षातून एकदाच इकडे गाडी आणतात. त्यांना माझं मनापासून सांगणं आहे. अचानक पाऊस वाढला तर आधी वेग उतरवा, हेडलाईट लावा, आणि काहीच दिसेनासं झालं तर रस्ता सोडून पूर्ण कडेला, पंपावर नाहीतर हॉटेलच्या आवारात थांबा. चार इंडिकेटर तिथे उभं राहिल्यावर लावा. पुलाच्या किंवा बोगद्याच्या तोंडाशी थांबू नका. पोलादपूरला चहा घ्या आणि चहावाल्याला विचारा, वरती किती आहे. आणि पावसात कुणी हात दाखवला तर गाडी थांबवा, काच खाली करा आणि तो काय सांगतो ते ऐका. पुढे काही झालेलं असेल तर 112 ला फोन करा.

त्या पोराचं नाव मी विचारलं नाही, त्याची रुखरुख आहे. पुढच्या मंगळवारी जाताना मी तिथे थांबणार आहे. त्याच्यासाठी रेनकोट घेऊन ठेवला आहे.